इक्बालभाईंनी केलेला चहा

१४ डिसेंबर २०००, गुरुवार. सकाळी बातम्या पाहिल्या, ऑफिसला गेले, संध्याकाळी दुबईतल्या अल कुसैसला घरी आले.

मंडळी, मी या ईमेल ग्रुपवर फारसं लिहीत नाही. आज लिहिते.

दर शुक्रवारी आमच्याकडे अमेरिकेच्या राजकारणावर वाद रंगायचे. हरेल त्याने सगळ्यांना चहा करायचा. माझे यजमान म्हणायचे, "तिथे देशात जास्त मतं मिळवूनही उमेदवार हरू शकतो." सगळे हसायचे. रत्नागिरीचे इक्बालभाई म्हणायचे, "साहेब, मग ती लोकशाही कसली? उठा, चहा टाका." हे निमूट उठायचे. जुलैमध्ये हे गेले.

आज अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तसंच घडलं, देशात जास्त मतं मिळवलेला उमेदवार हरला. टीव्हीवरचे तज्ज्ञ सकाळ-संध्याकाळ तेच समजावत होते.

रोजा सोडून इक्बालभाई दारात हजर. "खलास वहिनी, साहेब जिंकले! व्हा बाजूला, आज चहा मी करणार."

"आलं किसून घाला. हे तसंच घालायचे."

"हरलेल्याला वर अटी?"

"हो."

कित्येक महिन्यांनी मी मोठ्याने हसले. चहा भयंकर गोड होता, पण सगळा प्यायले. तुमच्याकडे कोणी असं उशिरा जिंकलंय का?

इक्बालभाई घरी गेल्यावर मी कप विसळून पालथे घातले.