मोतीचा श्रावण

शेजारचे काका प्रत्येक वाक्याला 'हो' लावतात, ऐकत मात्र कुणाचंच नाहीत. श्रावण लागल्यापासून त्यांनी आपल्या कुत्र्याला नुसता ताकभात घातलाय. अठरा किलोंचा मोती साडेपंधरावर आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, मीही काट्यावर मोजून दाखवलं होतं: काटे काढलेला उकडलेला बांगडा दोनशे ग्रॅम, भात, भोपळा.

"आमच्याकडे श्रावण पाळतात हो. मोतीपण पाळतो!"

"त्याला विचारलंत, काका?"

"घरातलाच तो हो!"

स्वतः काका उपासाला दोनदा साबुदाण्याची खिचडी खातात.

काल मी दोन घरांमधल्या गडग्याच्या भिंतीवरून मोतीला बांगडा दिला. काकांनी ताटली लाथाडली, मोतीच्या तोंडावर गोमूत्र शिंपडलं. तो बिचारा अंगणातल्या जांभ्या दगडावर सांडलेलं चाटत राहिला.

मी घरातून दुसरा बांगडा आणला, त्यांच्यादेखत मोतीपुढे ठेवला आणि म्हटलं, "शिंपडा आता माझ्यावर."