पंपहाऊसचा दिवा

मागच्या गणपतीत दिल्लीत, मयूर विहारच्या आमच्या मंडळात, खांद्यावर शाल घेऊन मी जी गोष्ट सांगितली ती खरी होती. फक्त ती माझी नव्हती. ज्यांची होती ते सभागृहाच्या मागच्या दाराशी काठी टेकून उभे होते, आणि त्यांना पाहूनही मी बोलत राहिलो.

मी लष्करातला माणूस नाही. सरकारी नोकरीतला विजेचा इंजिनिअर. छावण्यांमधले दिवे, पंप, पंखे चालू ठेवायचे, हे माझं काम. बरीच वर्षं दिल्लीत टेबलाशी काढली आणि मग राजस्थानच्या वाळवंटातल्या एका तळावर बदली झाली. त्याच उन्हाळ्यात सीमेवर युद्ध पेटलं.

खोलीत सोबत आमच्याच खात्यातले, नागपूरकडचे एक गृहस्थ होते. माझ्याहून थोडे मोठे, बिऱ्हाड फरीदाबादला. मी त्यांना भाऊ म्हणायचो. ते मला ‘राजा’ म्हणायचे, आणि रागावले की ‘बे’.

टीव्हीवर दाखवतात तसलं युद्ध आम्हाला कधी दिसलंच नाही. दिसायची ती वाळू. डाळीत, दातांत, उशीच्या अभ्र्यात, मीटरच्या पेटीत. सकाळी बूट उलटे करून झटकायचे, कारण आत विंचू निघायचे. धुतलेला शर्ट दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळायचा आणि कडक व्हायचा. गाड्यांच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग फासला होता, खिडक्यांना काळा कागद. जाळीखाली झाकलेल्या तोफांच्या सावलीत एक म्हातारी कुत्री पिल्लं घालून बसली होती आणि जवान तिला आपल्या वाट्याचं दूध द्यायचे. ऊन कललं की व्हॉलीबॉल सुरू. हरलेल्या बाजूने जिंकलेल्यांच्या बाटल्या भरून आणायच्या. पलीकडे युद्ध चालू आहे, हे त्या वेळी कुणाच्या तोंडावर दिसायचं नाही.

मोबाइल सगळ्यांचे जमा करून घेतले होते. घरी बोलायला एकच फोन होता, त्यालाही रांग. बायको म्हणायची, “अहो, इकडे टीव्हीवर तर तुमचा तळ उडवून टाकलाय!”

“मग मी कुठून बोलतोय?”

“चेष्टा नको. जेवलात का?”

अंधार पडायच्या आत आमच्यापैकी एकाने फेरी मारून बाहेरचे सगळे दिवे बंद करायचे, अशी पाळी लावली होती. त्या संध्याकाळी पाळी माझी होती. पंपहाऊसला खिडकी नाही, वर नुसता एक झरोका, म्हणून तिथे दिवसाही दिवा लागतो. तो बंद करायला निघालो, तेवढ्यात फोनच्या रांगेतून कुणीतरी ओळखीने मला पुढे बोलावलं. मी गेलो. मुलीच्या ॲडमिशनचं बोलणं निघालं, आणि पंपहाऊस डोक्यातून साफ गेलं.

भोंगा वाजला तेव्हा आम्ही जेवत होतो. ताटं तशीच टाकून खंदकात उतरलो. सगळा तळ काळा झाला. वर कुठेतरी ड्रोनची घरघर होती, दूरवर धमाके होत होते, आणि त्या सगळ्या काळोखात एकच पिवळी चौकट चमकत होती. पंपहाऊसचा झरोका.

“ओए, वो बत्ती किसकी है?” हवालदार ओरडला. “बुझाओ उसको, मरवाओगे क्या सबको!”

कुणाची ते मला माहीत होतं. मी उठणार होतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. खरं हे की मी खंदकाची भिंत धरून बसून राहिलो. भाऊंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या दिवशी पाळी कुणाची होती, ते त्यांना माहीत होतं.

“तू बस राजा,” ते म्हणाले आणि वर चढले.

थोड्या वेळाने ती चौकट विझली. भाऊ मात्र आले नाहीत. धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर ते केबलसाठी खणलेल्या चरात सापडले. परतताना अंधारात त्यात पडले होते, गुडघा मोडला होता. सकाळी साहेबांनी विचारलं तर म्हणाले, “साहब, स्विच ढीला था.” माझ्याकडे पाहिलंही नाही. मी शेजारीच उभा होतो.

घरी त्यांनी कळवलं, बाथरूममध्ये पाय घसरला. मला म्हणाले, “तुझ्या वहिनीला खरं सांगितलं तर ती रोज रात्री टीव्ही लावून बसेल. आपल्याला काय, प्लास्टर ते प्लास्टर.”

युद्ध थांबलं. काही दिवसांनी दोघांनाही दिल्लीत परत आणलं. मंडळाच्या गणपतीत अध्यक्ष म्हणाले, आपल्यातला एक जण सीमेवर होता, त्याचा सत्कार करू. शाल, नारळ, मग माईक. मी वाळूचं सांगितलं, विंचवांचं सांगितलं. लोक घड्याळं बघू लागले. पहिल्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, “अहो, ते वाळूचं राहू द्या. युद्धाचं सांगा ना काहीतरी!”

मी पंपहाऊसच्या दिव्याचं सांगायला लागलो. खरंच भाऊंचंच सांगायचं होतं. पण “हवालदार ओरडला” म्हणालो आणि सभागृह असं काही शांत झालं की पुढचं वाक्य तोंडातून निघालं, “मी उठलो.”

मग ते वाक्य मागे घेता येईना. भोंगा, काळोख, झरोका, सगळं अगदी बारकाईने सांगितलं. आणि मधेच मागच्या दारातून भाऊ आणि वहिनी आत आले. फरीदाबादहून यायला उशीर झाला होता. भाऊंनी क्षणभर ऐकलं. त्यांना कळलं. मला दिसलं की त्यांना कळलं. तेव्हा नुसतं बोट दाखवून “हे बघा, तो माणूस तिथे उभा आहे” म्हणालो असतो, तरी सगळं निभावलं असतं. मी पाण्याचा घोट घेतला आणि गोष्ट पुरी केली. भाऊंनी काठी काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

महाप्रसादाला वहिनी शेजारीच होत्या. “बघा,” त्या भाऊंना म्हणाल्या, “एकाच खोलीत राहत होतात ना? भाऊजींनी काय केलं आणि तुम्ही काय केलं!”

“अवं, ड्रोनशी कोणीही लढेल,” भाऊ म्हणाले. “साबणाशी लढून दाखव म्हणा.”

सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी फोन केला. “सोड ना बे,” भाऊ म्हणाले. “आता सांगशील तर घरी मलाच ऐकून घ्यावं लागेल.” ही सबब मला फारच सोयीची पडली. त्यांनीच नको म्हटलंय, असं म्हणत मी काही महिने गप्प बसलो. मंडळाचे लोक मेट्रोत भेटले की “काय, वीर पुरुष!” म्हणायचे, आणि मी खिडकीबाहेर बघायचो.

थंडीत भाऊंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भेटायला फरीदाबादला गेलो. भाऊ पाय उशीवर ठेवून उन्हात बसले होते, वहिनी मटार सोलत होत्या. चहा झाला. निघताना वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हीच सांगा यांना जरा. जन्मभर निष्काळजी. एवढं युद्ध चाललेलं, तिथे लोक जिवावर उदार झालेले, आणि हा माणूस ओल्या फरशीवर पडतो. मला तर कुणाला सांगायचीही लाज वाटते.”

भाऊंनी मान खाली घातली. इतके महिने ते हे ऐकत होते, हे मला तेव्हा समजलं. मंडळात ते एकदा हसून गेले होते. घरात त्यांना रोज हसावं लागत होतं.

मी परत खाली बसलो. “वहिनी, भाऊ बाथरूममध्ये पडले नाहीत.”

“बस बे,” भाऊ म्हणाले.

“तो दिवा मी बंद करायला विसरलो होतो. विझवायला हे गेले. मी खंदकातून उठलोच नाही. येताना अंधारात हे चरात पडले. मंडळात मी सांगितलं, ते सगळं यांनी केलेलं.”

वहिनींचे हात मटारांवरच थांबले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, भाऊंकडे बघत होत्या. भाऊ उन्हाकडे.

मी भाऊंकडे वळलो. “भाऊ, त्या रात्री मी घाबरलो होतो, ते तुम्ही मनावर घेतलं नाहीत. पण मंडळात मला कसलीच भीती नव्हती. तुम्ही दारात उभे होतात, मी पाहिलं, आणि तरी बोलत राहिलो. मला माफ करा.”