निळ्या पेल्यातलं तेल

खामगावात तेलाच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, गुलाबराव इंगळ्यांचं नाक काय चीज होती ते तो सांगेल. तुम्हाला घाई असली तरी सांगेल. छत्तीस वर्षं गुलाबराव एकाच तेलगिरणीत होते. कागदावर हुद्दा मदतनिसाचा, पण काम एकच. तेलाचा थेंब मनगटावर घ्यायचा, अंगठ्यानं घासायचा, हुंगायचा, जिभेच्या टोकाला लावायचा आणि सांगायचं. शेंगदाण्यात सरकी मिसळली आहे का, दाणा जुना होता का, डब्यात आधी काय भरलं होतं. एकदा त्यांनी दोनदा धुतलेल्या डब्यातलं रॉकेल ओळखलं होतं. मालक म्हणायचे, मशीन बिघडते, गुलाबराव बिघडत नाही.

तर ते नाक कोरोनात गेलं. एप्रिलमध्ये ताप आला, आठ दिवसांत उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू एवढंच कळायचं. बाकीच्यांचे वास हळूहळू परत आले, गुलाबरावांचा आला नाही. चार महिने वाट पाहून त्यांनी मालकाला सांगितलं की गुडघे फार दुखतात, आता जमत नाही. गुडघे ठणठणीत होते. नाकाचं त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच. लाज वाटायची हो, दुसरं काय! कंबर गेली, डोळे गेले तर माणसं हळहळतात, चाखणाऱ्याचं नाक गेलं म्हटल्यावर हसतील, असं त्यांचं पक्कं मत होतं.

त्यात भर म्हणजे, त्याच सुमारास बेबीताईंना बोलायचा रोग लागला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तोवर ही बाई कामापुरती बोलायची. आता स्वयंपाकघरातून आकाशवाणी सुरू. "लसून करपला बाप्पा आज, कडवट वास सुटला." कोथिंबीर निवडताना, "सांबार काय ताजा हाये, सारं घर घमघमून राह्यलं." जेवायला बसलं तरी ताटाशेजारी बसून चालूच. "या भाजीत मेथीचा वास जरा पुढं पुढं करते, नाई?"

"मंजूची माय, मानसाले सुखानं जेवू देशीन का नाई?" गुलाबराव म्हणायचे. बेबीताई घटकाभर गप्प बसायच्या आणि भाकरीवर यायच्या. म्हातारपणी बायको बिघडली, असं गुलाबरावांनी देवानंदला दोनदा सांगून ठेवलं होतं. देवानंद म्हणजे गिरणीतला जुना सोबती आणि बुद्धविहाराच्या समितीचा सचिव.

अशा सगळ्यात मुलीचा फोन आला. मंजुश्री परदेशी क्रूझवर नर्स आहे. कर्मचाऱ्यांच्या आईबापांना मे महिन्यात आठ दिवस जहाजावर राहता येतं, आणि एक दिवस जहाज इटलीच्या बंदराला लागतं, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

"बाबा, तिथून बस करून डोंगरावरच्या एका शेतात जायचं. ऑलिव्हचं तेल चाखायचं अन् वाईन चाखायची. लोकं मुद्दाम जातात तिथं. अन् आमच्या जहाजाचे डॉक्टर पन येऊन राह्यले, तुमाले पाहाले. मी साऱ्यायले सांगतलं, माह्ये बाबा वासावरून डबा वयखतात."

गुलाबराव "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी पाणी प्यायलं आणि पुन्हा पाणी प्यायलं. पोरगी सातासमुद्रापार आपल्या नाकाची बढाई मारून बसली होती. डॉक्टरांसमोर तिचं तोंड पडलं तर? आपलं पडलं तर पडलं. तिचं पडायला नको होतं.

पण माणूस मुरलेला. नाक नसलं तरी डोळे होते, बोटं होती. सरकीचा रंग वेगळा, जवस बोटावर चिकट लागतो, करडई पातळ. त्यांनी देवानंदला तालीम घ्यायला बोलावलं. देवानंद रविवारी पाच वाट्या तेल घेऊन आला आणि ओट्यावर मांडून परीक्षकासारखा बसला. गुलाबरावांनी वाटी उन्हात धरली, थेंब चोळला, नाकाशी नेऊन डोळे मिटले. डोळे मिटणं नुसतं दाखवायला. पाचही बरोबर आली.

"गुलाबभाऊ, अजून धार हाये बरं तुमच्या नाकाले," देवानंद म्हणाला. बेबीताई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, हे जरा नवल होतं.

गुलाबराव चार दिवस ऐटीत फिरले. मग शुक्रवारी मंजुश्रीनं मोबाईलवर त्या शेताचे फोटो पाठवले. टेबलावर छोटे छोटे पेले, गडद निळ्या काचेचे. खाली तिनं लिहिलं होतं की तेलाचा रंग दिसू नये म्हणून पेले मुद्दाम निळे असतात, बोट घालायचं नाही, पेला तळहातात धरून ऊब द्यायची, वास घ्यायचा आणि मग एक घोट. गुलाबरावांनी ते तीनदा वाचलं. कोणत्या मेल्यानं काढले असतील हे पेले, असं त्यांना झालं.

आता सुटका हवी होती. त्यांनी पंचशील पुढं केलं. दारू चाखायच्या ठिकाणी आपण जाणं बरं नाही, हे त्यांनी देवानंदला पटवायला घेतलं. पण देवानंदनं सचिवाला शोभेल असा विचार केला. "गिळली तं शील मोडते, त्यात वाद नाई. पन थे लोक म्हने चाखून थुकतात. थुकली तं काय, हे समितीत ठेवा लागन." समितीची बैठक महिनाअखेरीला होती. तोवर मंजुश्रीनंच कळवलं की न पिणाऱ्यांना द्राक्षाचा रस देतात.

मग गुडघे काढले. बस दारापर्यंत जाते, असं मंजुश्रीचं उत्तर आलं. मग म्हणाले, त्यापेक्षा तो कलता मनोरा पाहू. मंजुश्री म्हणाली, मनोरा काय, फोटोत पन कलताच दिसते. नावं रविवारी दुपारपर्यंत द्यायची होती.

रविवारी फोन आला तेव्हा गुलाबराव खाटेवर बसले होते आणि बेबीताई पाट्यावर चटणी वाटत होत्या. फोन मोठ्या आवाजावर होता.

"बाबा, फॉर्म भरून राह्यली. चाखनारे दोन लिहू नं?"

गुलाबरावांनी फोन जवळ ओढला. "मंजू," ते म्हणाले, "मले काई..." आणि थांबले.

बेबीताईंनी पाट्यावरचा हात थांबवला. "एक लिही," त्या म्हणाल्या. "मी चाखीन. तुह्या बाबाले वास येत नाई. चार वर्स झाले. डॉक्टरले तसंच सांग, लाजाचं काई काम नाई त्यात."

गुलाबरावांनी बायकोकडे पाहिलं.

"तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले कोन पाह्यजे? त्या साली बुद्धपौर्निमेची खीर बुडाले लागली होती. धुरकट वास दारापर्यंत. तुमी दोन वाट्या खाल्ल्या अन् म्हनले, मस्त झाली. तुमी! तवाच समजलं मले. मी मोरीत जाऊन रडली."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलूनच तं राह्यली," बेबीताई म्हणाल्या. "चार वर्सापासून. रोज. दोन टाईम."

गुलाबराव खाटेवर तसेच बसून राहिले. करपलेला लसूण, सांबार, मेथीचा पुढं पुढं करणारा वास. एकेक जेवण आठवायला लागलं. प्रत्येक जेवणाला आपण या बाईला गप्प बस म्हणालो होतो, तेही आठवलं. त्यांनी गमछा तोंडाशी धरला.

"बाबा?" फोनमधून मंजुश्री म्हणाली. "फॉर्ममधे दुसरा रकाना हाये. चाखनारा एक, सोबत एक. असं लिहू?"

"हाव, लिही," गुलाबराव म्हणाले.

फोन बंद झाल्यावर बेबीताईंनी ताट वाढलं. भाकरी, चटणी, कांदा. पण आज त्यांना बोलायची चोरी वाटत असावी. उघडकीला आल्यावर माणसाला होतं तसं. त्या खाली मान घालून बसल्या, आणि घरात नुसता गुलाबरावांच्या चावण्याचा आवाज राहिला.

गुलाबरावांनी दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"मंजूची माय," ते म्हणाले. "सांग नं."

बेबीताईंनी चटणी नाकाशी धरली.

"जवस हाये," त्या म्हणाल्या. "आताच भाजला. जरासा जास्त भाजला गेला, पन खमंग हाये."