भाऊजींची फुंकर

आमच्या भाऊजींइतका नीच माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. अर्थात तोंडाला रंग लावल्यावर. एरवी रिठदला सोयाबीन पिकवणारा हा माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा इतका भिडस्त, की बसमध्ये आपल्या जागेवर दुसरं कुणी बसलं तर हे उभ्यानं प्रवास करणार. पण गावच्या वार्षिक नाटकात वीस वर्षं खलनायक त्यांचाच. मिशा पिळून गडगडाटी हसणाऱ्या नटांचा त्यांना भारी तिटकारा. म्हणायचे, "बोंबलते तो नुसता तापट असते. खरा खलनायक आधी पाणी इचारते. त्याले सोताले वाटलं पायजे, का मी भलंच करून राह्यलो." असा भला माणूस शोधत ते लग्नात, तेराव्याला, बाजारात तासन्‌तास टक लावून बसायचे. एकदा एका म्हातारीनं भर नाटकात त्यांना चप्पल फेकून मारली. दुसऱ्या दिवशी हे ती चप्पल धुऊन तिच्या दारात हजर! "आजी, कोणत्या वाक्याले फेकली?" म्हातारी म्हणाली, "वाक्याले नाही रे मुडद्या. तू त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, तवा." भाऊजींनी ते लगेच वहीत टिपून घेतलं.

वडील गेल्यावर इंझोरीच्या शेताचं हक्कसोडपत्र करायला मी ताईला बोलावलं. आमच्याकडे बहिणी भावाला आपला हिस्सा सोडून देतात, भाऊ साडीचोळी करतो, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. कचेरीत मी तिला पंख्याखाली बसवलं, चहा पाजला, "ताई, तुह्यं माहेर टिकावं म्हणूनच करून राह्यलो," म्हणालो, आणि तिनं सही केल्यावर शाई वाळावी म्हणून कागदावर हळूच फुंकर मारली. कोपऱ्यातल्या बाकावर भाऊजी बसले होते. मला वाटलं, डुलक्या घेताहेत.

त्या वर्षीच्या नाटकात बहिणीचं राज्य लिहून घेणारा राजपुत्र त्यांनी केला. आवाज एकदाही चढवला नाही. बहिणीला स्वतःच्या आसनावर बसवलं, सरबत दिलं, माझ्याच सुरात माहेराचं बोलले आणि तिच्या सहीवर फुंकर मारली. बायका हमसून रडल्या, मागून शिव्या आल्या. मी पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसलो होतो. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती लाज अजून गेलेली नाही. पडद्यामागं जाऊन मी विचारलं, "भाऊजी, तो मीच ना?" रंग पुसत ते म्हणाले, "तुमी खराब नाही हो भाऊ. खराब असते तर लोक नुसते हासले असते."

ताईनंही ओळखलं होतं. पण ती चिडली नवऱ्यावर! "माह्या भावाले चार लोकांत असं काहून दाखवलं?" म्हणत तिनं त्यांना पुन्हा खलनायक न करण्याची शपथ घातली. तेव्हापासून भाऊजी म्हाताऱ्या प्रधानाचं काम करतात. वाईट करतात. ते आले की लोक चहाला उठतात.

परवा रिठदला जाऊन मी त्यांना अंगणात गाठलं. म्हणालो, "ताईचा हिस्सा तिच्या नावानं करून देतो. अन् तुमची शपथबी सोडवतो." जमिनीकडे बघतच भाऊजी म्हणाले, "हिस्सा द्या, तिचाच हाये. पण माह्यासाठी बोलू नका. मले आता प्रधानच आवडते." एवढ्या मोठ्या नटाला ते एक वाक्य काही केल्या जमलं नाही.