लिसीचा वास

निवृत्तीनंतर बाबांनी निडी गावातल्या घरामागे हिरव्या जाळीखाली लिसियान्थस लावला, तेव्हा मला रागच आला होता. पुण्याकडून ट्रेमध्ये रोपं आणायची, थंडीभर त्यांची बडदास्त ठेवायची, आणि एवढं करून फुलं दिसणार गुलाबासारखी! मग गुलाबच का नको? बाबा म्हणाले, "लिसीला काटे नाय." आईच्या माघारी एकट्या राहणाऱ्या माणसाशी मी काय वाद घालणार?

रोह्याच्या एका कंपनीत ॲसिडजवळ शिफ्ट करून करून बाबांना वास यायचा बंद झाला होता. "कंपनीने नाक ठेवून घेतलं," असं ते हसत सांगायचे. मला हसू यायचं नाही. एकदा गॅसचं बटण चालूच राहिलं होतं. शेजारीण धावत आली म्हणून निभावलं. तेव्हापासून मी पेणहून, सासरहून, सकाळ-संध्याकाळ फोन करायचे: बटण बंद केलंस का?

शेंड्याची पहिली कळी बाबा खुडून टाकायचे. म्हणजे खालच्या सगळ्या एकदम उमलतात म्हणे. उमलल्या तेव्हा मी तिथेच होते. पांढरी फुलं, जांभळ्या काठाची. खोटं कशाला बोलू, बघतच राहिले. बाबांनी एक दांडी कापून माझ्या हातात दिली.

"वास कसा हाय गो?"

मी नाकाशी धरलं. काही नाही. या फुलाला वासच नसतो. पण बाबा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"मंद आहे," मी म्हटलं. "गोडसर. अगदी जवळ घ्यावं लागतं."

पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला. "आला गो! लिसीचा वास आला. मंद, गोडसर." आई गेल्यापासून त्यांचा एवढा खुलून आलेला आवाज मी ऐकला नव्हता. तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी जीभ रेटली नाही. "आता बटणाचा फोन नको करू," ते म्हणाले, आणि मी केला की चिडून उचलेनासे झाले.

तिसऱ्या दिवशी धीर सुटला. मिळेल ती गाडी पकडून दुपारी निडीला पोहोचले. अंगणातच गॅसचा भपकारा आला. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण तसंच चालू. बाजूला बाबा फुलांची बादली घेऊन निवांत दांड्या छाटत बसलेले.

"बरं झालं आलीस. वास बघ, आज कसला सुटलाय!"

मी बटण बंद केलं, दार-खिडक्या सताड उघडल्या, त्यांना हाताला धरून ओढत अंगणात आणलं. मी ओरडत होते, "वास नसतो रे बाबा त्या फुलाला! कधीच नव्हता! मी खोटं बोलले!"

हातातली दांडी त्यांनी पुन्हा एकदा नाकाशी नेली. मग माझ्याकडे बघितलं.

"मग मला रोज येतो, तो कशाचा?"