पितळी पातेल्यातला मश्रूमचा चहा

पुण्याहून लेकीनं कुरिअरनं एक बाटली पाठवली. आत आंबूस चहावर तरंगणारी, जाड सायीसारखी बुळबुळीत चकती. सोबत चिठ्ठी : ‘कोंबुचा, नवशिक्यांसाठी.’ हसावं का रडावं! तिकडं या पाण्याला लोक पैसे मोजतात म्हणे. आमच्या लातूरच्या गल्लीत हीच चकती एकेकाळी फुकट फिरायची आणि घ्यायला कुणी उरायचं नाही.

तेव्हा तिला सगळे ‘मश्रूम’ म्हणायचे. भूकंप होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि गावाला क्लासचं याड लागलं होतं. लोहा, कंधार, कुठून कुठून पोरं यायची. लोकांनी न्हाणी तेवढी सोडून सगळ्या खोल्या भाड्यानं लावल्या. ज्याच्या त्याच्या तोंडी टक्के. त्यात हे मश्रूम! आठवड्याला चकतीला पिल्लू धरायचं, ते शेजारी द्यायचं. टाकायचं नाही, जिवंत आहे ना ते! त्यानं गुडघेदुखी थांबते, साखर उतरते आणि पोरांच्या ध्यानात वाचलेलं राहतं म्हणे. मी शाळेत विज्ञान शिकवायची. असलं काही ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आमच्याकडं ती आणली शेजारणीनं. कापडदुकानवाल्यांची बाई, चौथी शिकलेली, बोलायला गोड. काचेच्या बरणीला फडकं बांधून दारात उभी.

‘‘बाई, पोरगी बारावीला हाय तुमची. हे देऊन तर बघा, लई चांगलं असतंय. साखरंचा कोरा चहा करायचा, पार निवू द्यायचा, मंग ही चकती त्यात सोडायची. आठ दिवस हलवायचं न्हाई.’’ वर एक झेरॉक्स कागद दिला. ‘‘ह्यात समदं लिवलंय.’’

‘‘वाचते की,’’ मी म्हणाले. वाचते कसली! हिनं दिलेला कागद मी वाचायचा?

पण चकती टाकवेना. क्लासच्या सगळ्या पोरी पितात, आपलीच मागं राहिली तर? लेकीला डॉक्टर व्हायचं होतं. मला तर तिच्याहून जास्त व्हायचं होतं.

शेजारणीचं भांडं रिकामं देऊ नये म्हणून बरणीत वाटीभर साखर घातली आणि त्याच दिवशी परत केली. आता ठेवायचं कशात? आमच्या घरात काच नव्हती. भूकंपात फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या फुटून सासूबाईंचा पाय चिरला होता. तेव्हापासून आमच्या ह्यांनी काच, चिनीमाती काही घरात येऊ दिलं नाही. त्यांचा दाढीचा आरसा तेवढा राहिला. स्टीलची पातेली रोजच्या वापरात होती. माझ्या रुखवतातलं पितळी पातेलं माळ्यावर पडून होतं, कल्हई उडालेलं. ते चिंचेनं लख्ख घासलं, त्यात गार चहा ओतला, चकती सोडली, फडकं बांधलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. खाली तोच झेरॉक्स अंथरला.

पितळेत आंबट ठेवू नये हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जन्मात कधी ताक ठेवलं नाही. पण हे मी खाण्यापिण्यातलं समजलेच नव्हते. थोतांड समजले होते.

फिजिक्सच्या पेपरला निघताना लेकीला पेलाभर दिलं.

‘‘आई, कसंतरीच लागतंय गं.’’

‘‘औषध गोड असतं का? पी मुकाट.’’

मी स्वतः थेंबभरही चाखलं नाही. मला कशाला लागतंय मश्रूम!

पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला नाही तोच तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. बाहेर बाकावर निजवलं, पुन्हा आत नेलं, पुन्हा ओकली. अर्धा पेपर कोरा राहिला. त्यातच तिची डॉक्टरकी गेली.

मी शेजारणीच्या दारात जाऊन गल्ली गोळा केली. ‘‘काय कुजकं दिलंत हो माझ्या लेकराला? स्वतः अडाणी ते अडाणी, वर दुसऱ्याला शहाणपण!’’ ती बिचारी घाबरून माझ्या मागं आमच्या स्वयंपाकघरात आली. फडकं सोडलं. पातेल्याच्या कडेला हिरवं धरलं होतं.

‘‘बाई, आंबट कुनी पितळंत ठेवतंय का? कळकतंय की,’’ ती म्हणाली. हळूच म्हणाली, दारातल्या बायांना ऐकू जाऊ नये म्हणून.

आम्लं आणि धातू हा धडा मी दरवर्षी वर्गात शिकवायची. पातेलं उचललं तर खालच्या कागदावर दुसऱ्याच ओळीत होतं : काचेतच ठेवावे.

तिनं कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. गल्लीनं तिचं मश्रूम घेणं सोडलं, पुढं तिच्या हातचा प्रसादही. माझी जीभ काही उचलली नाही. लेकीनं तर तिचं नावच टाकलं. लग्नात मांडवभर सगळ्यांच्या पाया पडली. शेजारीण साडी घेऊन पुढं आली तेव्हा तोंड फिरवून निघून गेली.

काल लेकीचा फोन आला. ‘‘आई, बाटली मिळाली ना? काचेतच कर हं. पितळ-तांबं लागलं तर विष होतं.’’ मग म्हणाली, ‘‘आपल्याकडं तर तेव्हा काचच नव्हती. तू कशात केलं होतंस गं?’’

‘‘पितळी पातेल्यात,’’ मी म्हणाले.

मला वाटलं, आता डॉक्टरकीचं काढेल.

‘‘आई, मी लग्नात शेजारच्या काकूंच्या पाया पडले नव्हते,’’ ती म्हणाली.

मला ठाऊक होतं. मी शेजारीच उभी होते.