चिंचेने धुतलेली नाणी

गेल्या महिन्यात तू शाळेसाठी लिहिलेला इंग्रजी निबंध मला तपासायला पाठवलास. विषय होता, ‘माझ्या आजोबांच्या संग्रहातली पाच सर्वांत सुंदर नाणी’. मी स्पेलिंगच्या तीन चुका काढल्या, एका ठिकाणी क्रियापदाचा काळ बदलला आणि त्याच संध्याकाळी निबंध परत पाठवला. त्यात एक वाक्य होतं : एकदा दिवाळीत माझ्या आजीने सगळी नाणी भांड्यांसारखी चिंचेने घासून काढली. त्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, म्हणून मी त्याला हात लावला नाही. नंतर तुझा निरोप आला की ह्या वाक्यावर सगळा वर्ग हसला आणि बाईंनी निबंध भिंतीवर लावला.

छान झालं. पण तो संग्रह तुझ्या आजोबांचा नव्हता, आणि चिंच माझ्या हातात नव्हती.

माझे वडील नंदुरबार स्टेशनवर तिकीट खिडकीवर बसायचे. गर्दीच्या वेळी कुणीतरी सुट्ट्या पैशांत एक मोठं तांबूस नाणं सरकवून गेलं. दिवस संपल्यावर वडिलांच्या ते लक्षात आलं. पदरचे पैसे भरून ते नाणं त्यांनी घरी आणलं आणि मला दिलं, कारण त्या आठवड्यात मी इंग्रजीत पहिली आले होते. नाण्याच्या एका बाजूला तंतुवाद्य होतं आणि दुसऱ्या बाजूला कोंबडी, तिच्याभोवती पिल्लं. राजा नाही, राणी नाही, सिंह नाही. मी विचार करत राहिले, हा कुठला देश, की ज्याला आपल्या पैशावर कोंबडी काढावीशी वाटली? धुळ्याला कॉलेजात गेल्यावर तिथल्या ग्रंथालयात मी तो देश शोधून काढला : आयर्लंड. तुम्ही दोघं भावंडं आज त्याच देशात राहता. आता तिथे ते नाणं चालत नाही, एवढं मला माहीत आहे.

लग्न होऊन ब्राह्मणपुरीला आले तेव्हा ते नाणं माझ्या कुंकवाच्या करंड्यात होतं. तुमचे आजोबा शहाद्याला हायस्कूलमध्ये शिकवायचे, पुढे मुख्याध्यापक झाले. घरी शेती होती. घरात मी एकटीच इंग्रजी वाचणारी सून. एका जुन्या मासिकात मला नाण्यांची अदलाबदल करणाऱ्या परदेशी लोकांचे पत्ते सापडले. त्यांना लिहावं असं मी घरात बोलून दाखवलं. सासरे ओसरीवर बसले होते. ते माझ्याशी थेट बोलत नसत, सासूबाईंकडे बघून म्हणाले, “सूनना नाववर परदेशना माणसंना कागद येतीन? गाव काय म्हनी?”

त्या रात्री तुमच्या आजोबांनी मार्ग काढला. त्यांना तो मार्ग फार हुशारीचा वाटला आणि खरं सांगायचं तर मलाही वाटला. “तू लिख. सही मन्ही ऱ्हाई. मंग कोन काय बोली?”

मग मी लिहीत गेले. पंधरा-सोळा वर्षं लिहिलं. दुपारी सगळं आवरल्यावर मी कोठीघरात बसून पत्र लिहायची, संध्याकाळी ते शाळेतून आले की सही करायचे आणि दुसऱ्या दिवशी शहाद्याला पोस्टात टाकायचे. आपलं वीस पैशांचं कमळाचं पितळी नाणं आणि कडेला पाकळ्या असलेले दहा पैसे परदेशात फार आवडतात, हे मी दोन-तीन पत्रांतच ओळखलं. त्याच्या बदल्यात मी काय मागितलं ते तुझ्या निबंधात आहे : फुलावर बसलेली मधमाशी असलेलं इटलीचं तांब्याचं नाणं, न्यूझीलंडचं हुइया पक्ष्याचं चांदीचं नाणं, आयर्लंडचा घोडा. तो हुइया पक्षी आता जगात कुठेही उरलेला नाही. हे तू लिहिलं आहेस, आणि ही माहिती तुला आजोबांनी सांगितली असंही लिहिलं आहेस. त्यांना ती मी सांगितली होती. मला टपालखात्यातल्या एका निवृत्त माणसाने पत्रातून सांगितली, आणि त्या पत्राची सुरुवात ‘प्रिय महाशय’ अशी होती. सगळीच पत्रं तशी सुरू व्हायची. एकदा एका इटालियन शिक्षकाने लिहिलं की महाशय, आपलं अक्षर फारच सुबक आहे. ते वाचून आम्ही दोघं हसलो होतो. ते मोठ्याने हसले, मी हळू.

तुझ्या निबंधातलं आणखी एक नाणं फ्रान्सचं. त्यावर एक बाई पेरते आहे. खांद्याला बियाण्याची झोळी, केस आणि कपडे मागे उडताहेत, मागे सूर्य. मी ते सासूबाईंना दाखवलं. त्यांनी पदराने हात पुसले, नाणं उजेडात धरलं आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, “हाई बाई वारासामने काब्र पेरी ऱ्हायनी? येड लागेल शे का हिले? दाना तिन्हाच तोंडवर ई पडतीन.” ज्या बाईने आयुष्यभर पेरणीच्या पाभरीमागे चालत चाड्यात दाणे सोडले, तिला ते वाऱ्याविरुद्ध पेरणं पहिल्या नजरेत दिसलं. मला इतकी पुस्तकं वाचून दिसलं नव्हतं. तुमचे आजोबा पुढे प्रत्येक पाहुण्याला हे वाक्य ऐकवायचे आणि दर वेळी सांगायचे, ‘हे आमच्या आईचं निरीक्षण.’ आईचं वाक्य आईच्याच नावावर ठेवण्याइतके ते प्रामाणिक होते.

ते वाईट नव्हते, हे तुम्हाला कळलं पाहिजे, नाहीतर पुढचं सोपं होऊन जाईल. ते मला कधी दुखवून बोलले नाहीत. लाकडी पेट्या त्यांनीच करून घेतल्या, काच त्यांनीच आणली. पाहुणे आले की पेट्या बाहेर निघायच्या. मी चहा घेऊन जायची तेव्हा ते सांगत असायचे, “ह्या माणसाला मी तीनदा लिहिलं, तेव्हा कुठे त्याने ही मधमाशी सोडली.” मी कप ठेवून आत यायची.

त्या दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी सकाळपासून अनरसे तळत होते. मागच्या अंगणात पाण्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले. ते पाटावर बसले होते. समोर परात, परातीत चिंचेचं पाणी, हातात दात घासायचा जुना ब्रश. पूजेत यंदा जगभरची लक्ष्मी मांडायची, असं त्यांच्या मनात आलं होतं. माझ्याकडे मान वर करून लहान मुलासारखे म्हणाले, “दख, कशा चमकी ऱ्हायनात!”

मधमाशी गुलाबी झाली होती. जुन्या तांब्यावर वर्षानुवर्षं जो गडद रंग चढतो, तो संग्राहक जीव गेला तरी काढत नाहीत. पंखांवरच्या बारीक रेघा त्या रंगामुळेच दिसायच्या. घोड्याच्या पाठीवर ब्रशचे ओरखडे होते. तळण करपू नये म्हणून मी आत गेले. माझं पहिलं नाणं, ती कोंबडी, करंड्यात होती म्हणून वाचली.

दोन-तीन वर्षांनी सुरतेहून एक मोठे संग्राहक मुद्दाम पेट्या बघायला आले. त्यांनी भिंग लावून एकेक खण पाहिला. सगळं बघून झाल्यावर म्हणाले, “मास्तरसाहेब, निवड करणाऱ्याची नजर फार ऊंची आहे. पण ही धुतली कोणी? धुणारा ह्या नाण्यांचा दुश्मनच म्हणायचा.”

मी दारात ताट घेऊन उभी होते. तुमचे आजोबा माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “बायांचं काम, साहेब. दिवाळीला घरातली भांडी निघाली, त्यात हीही निघाली.”

ते गृहस्थ भले होते. ते उठून माझ्याजवळ आले आणि समजुतीने म्हणाले, “बेन, सिक्का कधी धुवायचा नाही हां.”

मी म्हणाले, “हो.”

आयुष्यात मी इतकं इंग्रजी, इतकं मराठी लिहिलं. नेमकं त्या वेळी माझ्या तोंडून तेवढा एक शब्द निघाला. त्या एका शब्दाने सगळी वाटणी पक्की झाली : निवड त्यांची, चिंच माझी. पाहुणे गेल्यावर ते माझ्यापाशी आले, काहीतरी बोलायचं होतं. मी भांडी घासत राहिले. नंतर त्यांनाही ती गोष्ट खरी वाटायला लागली असावी, कारण तुमच्या वडिलांना त्यांनी ती तशीच सांगितली आणि तुमच्या वडिलांनी तुम्हाला. मी पत्र लिहिणं त्यानंतर बंद केलं. संग्रह तिथेच थांबला. तो का थांबला, हे मला कुणीही कधी विचारलं नाही.

आता आजोबांच्या माघारी आलेल्या ह्या दिवाळीचं. तुमचे वडील रजेवर आले ते ठरवूनच आले होते की पेट्या आजोबांच्या हायस्कूलला द्यायच्या, वर पितळी पाटीवर त्यांचं नाव. कल्पना चांगली आहे, मुलं बघतील. मी एवढंच म्हणाले, “पाटीवर माझंही नाव घाल.”

“आई, आता कशाला? बाबांचं नाव म्हणजे तुझंच की.”

“मग माझं घाल. ते म्हणजे त्यांचंच की.”

ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मी हसले नाही तेव्हा म्हणाले, “अगं, पत्रं मी पाहिली आहेत. सगळी बाबांच्या नावावर आली आहेत. शाळेला काय सांगू?”

मी म्हणाले, पेट्यांतल्या चिठ्ठ्या बघ. प्रत्येक नाण्याखाली देश, धातू आणि चित्र ह्यांची माहिती माझ्या अक्षरात आहे. त्यावर तुमच्या वडिलांनी फार आनंदाने मला लॅपटॉप उघडून दाखवला. नंदुरबारहून छापून आणलेल्या नव्या चिठ्ठ्या त्यांनी आदल्या दिवशीच सगळ्या खणांत लावल्या होत्या, एकसारख्या, दोन भाषांत. जुन्या मळल्या होत्या, म्हणाले. कुठे आहेत विचारलं तर म्हणाले, “पाणी तापवायला बंब पेटवला ना सकाळी, त्यात घातल्या.” त्या पाण्याने मी आंघोळ केली होती.

परवा पेट्या गेल्या. जायच्या आधी मी एकच काम केलं. ह्या वेळी नव्या चिठ्ठ्या लावताना तुमच्या वडिलांनी माझा करंडा उघडून कोंबडीही पेटीत बसवली होती, संग्रह पूर्ण दिसावा म्हणून. ती मी काढून घेतली. खाली चिठ्ठी तशीच आहे. त्या खणात शाळेतली मुलं देशाचं नाव वाचतील आणि वर मोकळी मखमल बघतील. तुमच्या वडिलांना हे अजून माहीत नाही. हे वाचताना कळेल.

हे वाचणार तेच, कारण हे पत्र मी मुद्दाम मराठीत लिहिलं आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही दोघांनी ते दहा मिनिटांत वाचून बाजूला ठेवलं असतं. मला ते तितकंच सोपं गेलं असतं. पण तुम्हाला मराठीची अक्षरं जुळवत बसावं लागतं, म्हणजे हे तुम्हाला तुमचे वडीलच वाचून दाखवणार. मोठ्याने, पहिल्यापासून. कोंबडीचं, पेरणाऱ्या बाईचं ते नीट वाचतील. सुरतेच्या पाहुण्यांपाशी आणि बंबापाशी आवाज जरा खाली येईल. मध्येच थांबले, पान उलटलं, ‘बाकी नेहमीचंच आहे’ म्हणाले, तर पान परत उलटायला सांगा.